काट्यांपाशी उजवीकडे वळा

आज थंडी चांगलीच आहे. सकाळी आठ वाजले तरी धुक्यात डोंगर दिसत नव्हता, आता दहाला दिसायला लागलाय. ऊन आलंय, पण अजून अंगाला लागत नाही, नुसतं दिसतं.

आम्ही चारजण दूध केंद्राच्या भिंतीला पाठ लावून बसलोय. वस्तीतली हातापायाने धड असलेली माणसं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. मागे राहतात ती आमच्यासारखी, ज्यांना कोयता पेलत नाही. काम काही नाही. अशा वेळी गोष्टी साठतात. एकजण काढतो, दुसरा तिच्यात मीठ टाकतो, तिसरा म्हणतो असं नव्हतंच. मोबाईलच्या नकाशाच्या गोष्टी तर आमच्याकडे इतक्या साठल्यात, की भिंतीपाशी नवा माणूस येऊन बसला की कोणती आधी सांगायची यावरून आमच्यात वाद होतो.

मी शाळेत गेलेलो नाही. अक्षरं शिकलो ती एस.टी.च्या पाट्यांवरून. पाथर्डी, तिसगाव, शेवगाव, नगर. त्यामुळे गावांची नावं मला झरझर लिहिता येतात, बाकीचं सावकाश. तेव्हा सावकाशच सांगतो.

आधी रस्त्याचं सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच निघतं.

दूध केंद्र डांबरी सडकेवर आहे. त्याच्यासमोरून आमच्या टेकाडवस्तीला जायला गाडीवाट निघते. रावसाहेबाच्या बांधाने गेलं की पाच मिनिटांत वस्ती. रावसाहेब माझा शेजारी, त्याचं रान आणि माझं रान एका बांधाला. दोन वर्षांमागे बांधावरच्या एका बोरीवरून आमची बोलाचाली झाली. बोर त्याची की माझी, हे अजून ठरलेलं नाही. बोरं मात्र दोन्ही वर्षं पाखरांनी खाल्ली.

त्या रागात रावसाहेबाने गाडीवाटेच्या तोंडाशी वेड्या बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. मी विचारायला गेलो तर म्हणाला, कागद दाखवा. कागद माझ्याकडे नव्हता. तेव्हापासून रस्ता बंद आणि आमचं बोलणंही बंद. त्याला स्वतःच्या घरी जायला गावाकडून दुसरी वाट आहे, त्यामुळे त्याचं काही अडत नव्हतं.

अडत होतं ते माझ्या घरचीचं. तिला दमा आहे. दर पंधरा दिवसांनी पाथर्डीला दवाखान्यात न्यावं लागतं. रिक्षा काट्यांपाशी थांबायची. मग ओढ्याच्या अंगाने लांबचा फेरा मारून तिला चालवत न्यायचं, चालवत आणायचं. वाटेत तीन ठिकाणी बसायचं. वस्तीतली माणसं म्हणायची, नाना, तहसीलला अर्ज द्या. मी म्हणायचो, देऊ. मला अर्ज लिहायला जितका वेळ लागतो तितक्या वेळात माणसाचा राग निवतो, असा माझा अंदाज होता. तो चुकला.

*

नकाशाचं खूळ आणलं रंजनाबाईने. रंजनाबाई आमच्या वस्तीच्या आशाताई. गेल्या थंडीत लसीकरणाची गाडी यायची होती. ड्रायव्हरचा फोन आला, ताई, लोकेशन टाका. रंजनाबाईने मोबाईल उघडला. सडक होती, ओढा होता, पलीकडची शाळा होती. आमच्या वस्तीच्या जागी नुसता फिकट रंग, बाकी काही नाही.

आमच्यातला बबनराव, हा एस.टी.तून रिटायर झालेला कंडक्टर. त्याने मान लांब करून पाहिलं आणि विचारलं, "आपुन गेलो का काय सगळे? कुनी कळवलं बी न्हाई."

रंजनाबाई पेटली. तिने तिथल्या तिथे नाव टाकलं, टेकाडवस्ती. नावाबरोबर फोटो मागत होता. ती वस्तीवर गेली आणि पहिला दिसला तो फोटो काढून मोकळी झाली. मी दारात राखुंडीने दात घासत उभा होतो. त्यामुळे जगात कुणीही आमच्या वस्तीवर बोट ठेवलं, की तोंडात बोट घातलेला मी दिसतो.

महिनाभरात त्या फोटोखाली एका अनोळखी माणसाने चार तारे दिले. सोबत लिहिलं होतं: माणसं चांगली आहेत. पाण्याची अडचण आहे. आजोबांनी तोंड धुऊन घ्यावं.

मग रंजनाबाईने नकाशात बोटाने रस्ताही काढला. सडकेपासून वस्तीपर्यंत, जसा पूर्वीपासून होता तसा. काट्या दाखवायची सोय त्यात होती की नाही तिला माहीत नाही, तिने दाखवल्या नाहीत. चार दिवसांनी मोबाईलवर आलं, तुमचा रस्ता मंजूर झाला, आभारी आहोत.

बबनराव म्हणाला, "नाना, तुमच्या अर्जाची शाई अजून दौतीत हाय, आन् हिकडं बोटानं रस्ता मंजूर झाला."

रस्ता मंजूर झाला. काट्या जागेवरच होत्या.

*

रंजनाबाईचं पाहून बबनरावाला वाटलं आपणही काहीतरी टाकावं. एस.टी.त तीस वर्षं घालवलेला माणूस, तो काय टाकणार? त्याने दूध केंद्रासमोरच्या लिंबाखाली टाकला 'विनंती थांबा'.

त्या लिंबाखाली आजवर एकही गाडी थांबलेली नाही. आम्ही हात करायचो, ड्रायव्हरही हात करायचा, गाडी निघून जायची. बबनरावाचं म्हणणं, नकाशात एकदा आलं की ड्रायव्हरला थांबावंच लागतं. आम्ही म्हणालो, ड्रायव्हर नकाशा बघून चालवतो का? तो म्हणाला, तुम्हाला खात्याचं काही कळत नाही.

आणि एके दिवशी दोन मुली येऊन लिंबाखाली उभ्या राहिल्या. पाथर्डीच्या कॉलेजातल्या, मैत्रिणीकडे आल्या होत्या. मोबाईलमध्ये थांबा दिसला म्हणून उभ्या. आम्हाला वाईट वाटलं. मी त्यांना सांगायला उठलो, की पोरींनो, इथे गाडी थांबत नाही, पुढच्या फाट्यावर जा. बबनरावाने मला धोतराला धरून खाली बसवलं.

गाडी आली. दोन मुली शिस्तीत हात करून उभ्या आहेत हे पाहिलं आणि ड्रायव्हरने खरोखर ब्रेक मारला.

बबनराव असा उभा राहिला की जणू गाडी त्यानेच बनवली. कंडक्टरने दारातून त्याला विचारलं, येताय का? बबनराव म्हणाला, "मला कुठं जायचंय? मी थांब्यावर हाय."

तेव्हापासून गाडी कधी थांबते, कधी थांबत नाही. न थांबली की बबनराव म्हणतो, ड्रायव्हर नवा दिसतोय.

*

तिसरा भाऊसाहेब. दूध केंद्रात मापं घेतो, आणि त्याची सडकेला लागून कांद्याची चाळ आहे. चाळ म्हणजे कांदा साठवायची लांबट शेड, खालून-बाजूने वारं खेळतं अशी. भाऊसाहेबाला वाटलं व्यापाऱ्याला चाळ सापडावी. त्याने चाळ नकाशात टाकली. मोबाईलने विचारलं, हे ठिकाण कसलं आहे? आणि समोर यादी धरली. दुकान, दवाखाना, देऊळ, लॉज. यादीत कांद्याची चाळ कुठे सापडेना. भाऊसाहेबाने विचार केला, माल येतो, काही दिवस राहतो, निघून जातो. त्याने लॉजवर बोट ठेवलं.

पंधरवड्याने शिर्डीहून देवीच्या दर्शनाला निघालेलं एक कुटुंब मोठी गाडी घेऊन चाळीपुढे उतरलं. नवरा, बायको, सासू, दोन लेकरं. नवऱ्याने भाऊसाहेबाला विचारलं, फॅमिली रूम आहे का?

आता भाऊसाहेब सरळ नाही म्हणाला असता तर गोष्टच नव्हती. पण दारी आलेल्या माणसाला नाही म्हणणं त्याच्या तोंडी येईना. त्याने चाळ उघडून दाखवली. त्या बाईने आत कांद्याचा ढीग पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि ती खाली बसून इतकी हसली की तिच्या सासूलाही हसू आवरेना.

शेवटी ती माणसं भाऊसाहेबाच्या घरी पिठलं-भाकरी खाऊन, ओसरीवर दुपार झोपून, चहा पिऊन गेली. भाऊसाहेबाने पैसे घेतले नाहीत, उलट पिशवीभर कांदा दिला. रात्री मोबाईलवर पाच तारे आले. खाली लिहिलं होतं: खोल्या नाहीत. जेवण उत्तम. कांदा फुकट.

रंजनाबाई म्हणाली, भाऊसाहेब, आता ते लॉज काढून टाका. भाऊसाहेब म्हणतो, राहू दे. टेकाडवस्तीला चार तारे हायेत, मला पाच हायेत.

*

हा किस्सा बबनराव सांगू देत नाही. म्हणतो, यात हसण्यासारखं काय आहे? पण मी सांगतो.

वस्तीत सखराबाईचं दुकान आहे. घराच्या पुढच्या खोलीत. मीठ, मिरची, साबण, बिस्कीट. रंजनाबाईने तेही नकाशात टाकलं होतं. सखराबाई आणि तिचा नवरा दरसाल ऊसतोडीला जातात, तेव्हा दुकानाला कुलूप असतं. गेल्या माघात कुणीतरी आलं, कुलूप पाहिलं, आणि मोबाईलला कळवून गेलं, की हे दुकान कायमचं बंद झालं आहे.

मोबाईलने रंजनाबाईला विचारलं, हे खरं आहे का? खाली दोनच उत्तरं. हो किंवा नाही.

रंजनाबाईला आपल्या मनाने उत्तर द्यायचं धाडस होईना. तिने तिकडे उसाच्या फडात फोन लावला. आम्ही सगळे भिंतीपाशी बसलेलो, फोनचा आवाज मोठा केलेला. मागे ट्रॅक्टर चालल्याचा आवाज येत होता. रंजनाबाईने विचारलं, सखरामावशी, तुमचं दुकान कायमचं बंद झालं का असं विचारतायत, काय सांगू?

पलीकडून मोळी खाली टाकल्याचा आवाज आला. मग सखराबाई म्हणाली, "कोन विचारतंय? त्यांना म्हनावं, पाडव्यापातूर दम धरा. साबन काय पायजे का त्यांला?"

रंजनाबाईने 'नाही'वर बोट ठेवलं. दुकान पाडव्याला उघडलं. विचारणारा काही साबण न्यायला आला नाही.

*

आता रस्त्याकडे वळतो. नकाशात रस्ता मंजूर झाल्यापासून परकी माणसं यायला लागली. कुरियरवाला, बियाण्याच्या कंपनीचा माणूस, लसीकरणाची गाडी. मोबाईलमधली बाई त्यांना सांगायची, उजवीकडे वळा. ते वळायचे आणि काट्यांपुढे उभे राहायचे. मग हॉर्न वाजवायचे. रावसाहेब रानातून यायचा.

आमच्या माणसांना दोन वर्षांत त्याने एकदाही काटी हलवून दिली नव्हती. पण लांबून आलेल्या परक्या माणसाला, तेही मोटारसायकलवर घामाघूम झालेल्या, कसं सांगायचं की हा माझा शेजाऱ्याशी राग आहे? रावसाहेब गुपचूप काट्या बाजूला ओढायचा, माणसाला आत सोडायचा, तो बाहेर आला की काट्या परत लावायचा. आठवड्यातून चार-पाच वेळा.

बबनराव भिंतीपासून ओरडायचा, "रावसाहेब, रेल्वेत फाटकावर लागला का काय? शिट्टी देऊ का आनून?" रावसाहेब आमच्याकडे बघायचा नाही.

एकदा कुरियरवाला आला. भाऊसाहेबाच्या भावाचा फवारणी पंपाचा नोझल घेऊन वस्तीवर निघाला होता. त्याच वेळी मी घरचीला दवाखान्यातून आणून सडकेला रिक्षातून उतरवत होतो. रावसाहेबाने काट्या ओढल्या, मोटारसायकल आत गेली. आणि माझी घरची, जिने आयुष्यात कुणाचं ऐकलेलं नाही, ती मला काही न सांगता मोटारसायकलीच्या मागोमाग आत चालती झाली.

मी जागच्या जागी उभा. रावसाहेबाच्या हातात काटी तशीच. ती त्याच्यापासून दोन हातांवरून गेली. रावसाहेबाने मान वर केली आणि आभाळाकडे पाहायला लागला. आभाळात काही नव्हतं. ती बांधाच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत तो वर पाहत राहिला. मग काट्या लावल्या. मी इकडेच राहिलो. ओढ्याकडून गेलो.

घरी पोचलो तर ती चहा पीत बसलेली. म्हणाली, "मला काय बोलला न्हाई. तुमी बी यायचं हुतं."

भाऊसाहेब म्हणाला, उपाय सापडला. दर पंधरा दिवसांनी आपण कुरियरने काहीतरी मागवायचं. पण कुरियरची वेळ आणि दवाखान्याची वेळ पुन्हा कधी जुळली नाही.

*

आता शेवटचा. हा मात्र मीच सांगायचा असं आमच्यात ठरलेलं आहे.

यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. तीन वर्षांनी येणारा महिना, आणि त्यात जावयाला धोंड्याचं जेवण. पुरणाचे धोंडे, वाण, नवे कपडे. रावसाहेबाच्या धाकट्या लेकीचं लग्न होऊन दोन वर्षं झालेली, म्हणजे जावयाचा हा पहिलाच अधिक महिना. जावई पुण्याला कंपनीत. एरवी तो एस.टी.ने यायचा आणि रावसाहेब त्याला स्टँडवरून घेऊन यायचा. या वेळी त्याने स्वतःची गाडी घेतली होती. लेक दोन दिवस आधीच आलेली. तो म्हणाला, कुणी घ्यायला येऊ नका, मी नकाशावर येतो.

त्या दिवशी आमचा दवाखान्याचा दिवस होता. मी घरचीला ओढ्याकडून सडकेपर्यंत चालवत आणलं होतं. अकरा वाजले होते. ऊन असं की लिंबाचं एक पान हलत नव्हतं. रिक्षाला उशीर होता. ती दूध केंद्राच्या पायरीवर बसून नुसती श्वास ओढत होती. बबनराव आणि भाऊसाहेब तिला वारा घालत होते.

तेवढ्यात पांढरी गाडी आली, उजवीकडे वळली आणि थेट काट्यांच्या तोंडाशी जाऊन थांबली. चाकातून फुस्स आवाज आला. मुलगा खाली उतरला, चाकाकडे पाहिलं, काट्यांकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं. मोबाईलमधली बाई सांगत होती, सरळ जा.

त्याला आम्ही ओळखलं, त्याने आम्हाला ओळखलं नाही. पण पोरगा चांगला. पायरीवर बसलेल्या म्हातारीला पाहिलं आणि चाक सोडून आधी तिच्याकडे आला. म्हणाला, आजी, गाडीत बसा, आत गार आहे. तिला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं, काच लावली, गार वारा चालू केला. मग मला विचारलं, आजोबा, हा रस्ता कुणी बंद केला?

बबनरावाने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मिटलं. मी म्हणालो, पाव्हणं, आधी पाणी प्या.

त्याने सासऱ्याला फोन लावला. रावसाहेब रानातून आला, जवळजवळ पळतच. नवी टोपी, नवा सदरा. त्याने जावई पाहिला, बसलेलं चाक पाहिलं, मला पाहिलं. मग काचेआड बसलेली माझी घरची पाहिली. ती त्याच्याकडेच पाहत होती, आणि या वेळी पाहायला त्याला आभाळ सापडलं नाही.

जावई म्हणाला, "मामा, तुम्ही काळजी करू नका. मी यात रस्ता बंद आहे असं टाकून देतो. म्हणजे पुढे कुणी फसणार नाही. फक्त कारण विचारतंय. काय टाकू?"

मला एवढंच कळत होतं, की त्या पोराचं बोट एकदा खाली टेकलं की लसीकरणाची गाडी, कुरियर, उद्या कधी अँब्युलन्स लागली तर ती, सगळ्यांना मोबाईलमधली बाई दुसरीकडे नेणार. आणि पोराच्या मनात तर चांगलंच होतं.

रावसाहेब खाली वाकला आणि त्याने काटी ओढली. नुसत्या हाताने. जावई पुढे झाला तर म्हणाला, "तुमी न्हाई. कापडं खराब व्हतील." दुसरी काटी मोठी होती, एकट्याने हलेना. मी तिचं दुसरं टोक धरलं. सोडा म्हणाला नाही. आम्ही दोघांनी ती ओढत नेऊन सडकेच्या चारीत टाकली. मग तिसरी. मग चौथी. शेवटची टाकेपर्यंत त्याच्या बोटातून रक्त यायला लागलं, ते त्याने नव्या सदऱ्याला पुसलं.

जावई मोबाईल धरून तसाच उभा होता. म्हणाला, "मग काय टाकू, मामा?"

रावसाहेब माझ्याकडे वळला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"नाना, पाव्हन्यास्नी सांगा, रस्ता चालू हाय म्हनावं. काट्या वाऱ्यानं आल्या असत्याल."